पाण्याचा वाटा एकरी की माणशी

वाटणी म्हटलं की आपल्याला भाऊबंदकी आठवते आणि वाटून खाणं म्हटलं की गोपाळकाला, शब्द एकाच घरातले पण अर्थ किती लांबलांबचे. पाण्याचा वाटा म्हटलं तर प्रत्येकाच्या मनातला हिशोब अजूनच वेगळा, आणि तो असा का हे कळायला थोडं मागे जायला पाहिजे.

धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, तीनेकशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि खालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी आपलं आपण घ्यायचं नाही, नेमलेला पाटकरी फावडं घेऊन दारं धरणार, एक वाफा भरला की चिखलाने तोंड बुजवायचं आणि पुढचं फोडायचं, मग शेत कुणाचं का असेना. पाणी कमी असलं की अख्खा एक फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूट एकट्याच्या अंगावर येत नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं कारण माझ्या मामांचं शेत कॅनॉलच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आवर्तन म्हणजे कॅनॉलचं ठरलेलं पाणी सुटल्याचं त्यांना वरच्या गावातून फोनवर कळतं आणि पाणी बांधापर्यंत येईस्तोवर पाळी संपलेली असते.

पण फडात सुद्धा ज्याची जमीन त्याचंच पाणी. आणि जातीमुळे काहींना तर नुसतं प्यायचं पाणी सुद्धा मिळत नसे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात पास झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण सगळं कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले, त्यावर लोकांना मारहाण झाली आणि नंतर पंचगव्य ओतून तळं "शुद्ध" केलं गेलं. तळ्यात पाणी भरपूर होतं हो, कमी पडत होतं म्हणून कुणी अडवलं नव्हतं. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

मग १९७२ चा दुष्काळ. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक, त्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी एकरावर नाही तर माणशी, माणसाला अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. हा शेवटचा नियम मला सगळ्यात धाडसी वाटतो, कारण इथे पाणी पहिल्यांदा सातबारापासून सुटलं.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात तूट खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी सारखी सोसायची हे आलं, म्हणजे फडातलाच विचार. त्यावरून पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं की नाही असं नगर-नाशिक आणि मराठवाड्यात जोरात पेटतं, टीएमसीचे (म्हणजे अब्ज घनफुटांचे) आकडे फेकले जातात, पण त्यात भूमिहीनाच्या वाट्याबद्दल बोलताना मी तरी अजून कुणाला ऐकलेलं नाही.