समुद्रशोकाच्या बियांतले अर्जिन

आमच्याकडे वावराच्या धुऱ्यावर कुठे कुठे समुद्रशोकाची वेल चढलेली दिसते. तिचे पान उलटून पाहिले की पाठीवरची पांढरी रेशमी लव बोटाला लागते. याच वेलीच्या बिया ‘नैसर्गिक एलएसडी’ म्हणून, म्हणजे भास घडवणारे ते तीव्र अमली द्रव्य म्हणून, विकायला असल्याची जाहिरात परवा एका विद्यार्थ्याने मोबाइलवर दाखवली आणि हे खरे का, असे विचारले.

या बियांत एलएसडी नसते. असते ते अर्जिन, म्हणजे ज्या लायसर्जिक आम्लापासून एलएसडी बनते, त्याचाच सर्वांत साधा अमाइड. दोन्ही रेणूंचा चार कड्यांचा सांगाडा एकच आहे. फरक आहे तो शेपटीच्या नायट्रोजनपाशी: एलएसडीत त्याला दोन इथाइल गट जोडलेले असतात, तर अर्जिनमध्ये त्यांच्या जागी नुसते हायड्रोजनचे दोन अणू.

एवढ्याशा फरकाने काय घडते, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मेंदूतील पेशींवर सेरोटोनिन या निरोप्या द्रव्याचे ग्राही, म्हणजे ते पकडणारे रेणू, असतात. अशाच एका प्रकारच्या ग्राहीच्या खळग्यात बसलेल्या एलएसडीची स्फटिकरचना २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्राहीच्या बाहेरच्या अंगाचा एक वेढा कोठीवरच्या झाकणासारखा रेणूवर मिटलेला दिसला. रेणू आत गेला की लवकर सुटत नाही आणि परिणाम तासन्‌तास टिकतो, याचे मोठे कारण हेच. इथाइल गट त्या खळग्यात ठरावीक दिशेने टेकतात. ते नसल्यामुळे अर्जिनचा जोर एलएसडीच्या मानाने फारच कमी पडतो. एलएसडी पहिल्यांदा बनवणारे स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी अर्जिन स्वतः घेऊन पाहिले, तेव्हा त्यांना मुख्यतः थकवा आणि गुंगी जाणवली.

याच हॉफमन यांनी १९६० साली मेक्सिकोतील याच कुळातल्या एका वेलीच्या बियांत अर्जिन सापडल्याचे सांगितले, तेव्हा सहकाऱ्यांचा विश्वास बसला नाही; अशी द्रव्ये तोवर बुरशीतलीच म्हणून ओळखली जात, मग बुरशीचे द्रव्य वेलीत कसे येईल, असे त्यांना वाटले. पुढे उलगडले की ते वेल बनवतच नाही. तिच्यात राहणारी आणि बियांतून पुढच्या पिढीत जाणारी पेरिग्लॅन्ड्युला ही बुरशी बनवते.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा प्रचार मात्र घातक आहे. समुद्रशोकाच्या बियांत अर्गोमेट्रिनही असते, आणि ते गर्भाशय आवळते. गरोदर बाईच्या पोटात या बिया गेल्या तर काय होईल, याचा विचार जाहिरात करणाऱ्याने केलेला नाही. अर्गोमेट्रिनचेच भावंड मेथिलअर्गोमेट्रिन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये, उजेडापासून जपून ठेवलेले असते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, तर ते मोजून टोचतात आणि त्याआधी बाईचा रक्तदाब पाहतात, कारण हे औषध रक्तवाहिन्याही आवळते.