एक पैशाचे वजन

कोल्हापुरातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यामागे किंवा फडताळातल्या एखाद्या डब्यात आजही एक पैशाचे चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचे नाणे सापडते. तळहातावर घेतले तरी ते जाणवत नाही, कारण त्याचे वजन अवघे ०.७५ ग्रॅम आहे. कोरडे नाणे वाटीतल्या पाण्यावर अलगद आडवे ठेवले तर पृष्ठताणामुळे ते तरंगते आणि कड बुडवताच तळाशी जाते. सालाखाली बारीक शंकरपाळ्यासारखी खूण दिसली तर ते मुंबईच्या टाकसाळीतले, तारा दिसला तर हैदराबादचे.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे ६४ ऐवजी १०० पैसे झाले, तेव्हाचा नया पैसा मात्र गोल, ब्राँझचा आणि दीड ग्रॅमचा होता. एक किलो ब्राँझमध्ये अशी सुमारे ६६७ नाणी, म्हणजे जेमतेम पावणेसात रुपये. तांबे आणि निकेल बव्हंशी परदेशातून आणावे लागत असल्याने हा व्यवहार परवडणारा नव्हता. १९६२ मध्ये निकेल-पितळ आले आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियम, ज्याची घनता ब्राँझच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने एका किलोत १,३३३ नाणी बसू लागली.

ॲल्युमिनियमचे खनिज, बॉक्साइट, आपल्याकडे मुबलक आहे. राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, जिथे लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियम व लोहाची संयुगे मागे ठेवली, तिथे ते जांभ्याच्या सोबतीने आढळते. खरी गोम विजेत आहे. बॉक्साइटपासून मिळणाऱ्या ॲल्युमिनातून एक किलो धातू वेगळा करायला आजही सुमारे १४ ते १५ युनिट वीज लागते, त्यामुळे वीज महागली की धातू महागतो, नाण्यावरचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहतो. किलोभर नाण्यांची दर्शनी किंमत होती १३ रुपये ३३ पैसे. आज तेवढ्याच ॲल्युमिनियमला दोनशे रुपयांहून अधिक मोजावे लागतात. महागाईने पैशाची खरेदीची ताकद घटवली हे खरेच, पण माझ्या मते या नाण्याचा निकाल धातूच्या हिशेबानेच आधी लावला होता.

१९८१ नंतर एक पैसा पाडला गेला नाही. ३० जून २०११ रोजी २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आठ आण्याचे नाणे मात्र कायद्याने अजून चालते, महाद्वार रोडवरचा दुकानदार ते घेवो वा न घेवो.