उद्याची राईड कॅन्सल का ओ?

आभाळ जरा भरून आलं की आमच्या सोलापूरच्या सायकल राईडच्या व्हॉट्सॲपवर हा एकच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बुकिंग केलंय त्यांनी वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या, कारण रात्री साडेदहाला फोन त्यांचाच येतो.

नुसत्या पावसासाठी आम्ही राईड कॅन्सल करत नाही. भुरभुर असली तर उलट मजा येते, उन्हाळाभर होरपळलेल्या सोलापूरकरानं भिजायला कशाला लाजायचं. आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही, त्याचा जोर सप्टेंबरात, आणि तोही बहुतेक वेळा दुपारनंतर, म्हणजे सकाळी लख्ख ऊन, जेवणवेळेला नको इतकं उकडतं आणि चारला धो धो. म्हणून नळदुर्गची राईड पहाटे साडेपाचला सुटते म्हणजे सुटतेच. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आहे, बोरामणी, इटकळ करत मधी चहा-पोहे धरून साडेनऊपर्यंत सगळे किल्ल्यात. बोरी नदीला पाणी भरपूर असलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे पडतात, ते बघायलाच तर पावसाळ्यात जायचं की, कोरड्यात काय बघणार. साडेअकराला तिथून निघायचं, फोटो राहिले तरी. येताना आभाळ काळं दिसलं तर सायकली टेम्पोत आणि माणसं गाडीत, त्याचे जादा पैसे घेत नाही, पण "मी एकटा चालवत येतो" हा वाद नको.

दोन गोष्टींत मात्र आम्ही कुणाचं ऐकत नाही. एक वीज. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला की राईड थांबली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी सायकलला हात लावायचा नाही. झाडाखाली तर अजिबात नाही, पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत बसायचं. दुसरं म्हणजे पुलावरून किंवा रस्त्यावरून वाहणारं पाणी. गुडघ्याएवढंच दिसतंय म्हणून कुणी शिरायचं नाही, खाली रस्ता आहे का खचलाय ते वरून कळत नाही.

शॉर्टकट पण बंद. मागच्या वर्षी एका शेतातल्या वाटेनं आम्हीच ग्रुप घातला, चूक आमचीच. दोनशे मीटरमध्ये काळी माती टायरला चिकटत चिकटत चाक धरणाऱ्या फोर्कपर्यंत चढली आणि चाकं जाम, ढकलली तरी फिरेनात, नुसती घसटत येतेत. शेवटी एका मावशींनी खुरपं दिलं आणि अकरा सायकली तासभर खरवडत बसलो, वर मावशी विचारतात, "डांबरी रस्ता दिसला नाही का रे तुमाला?" तेव्हापासून पाऊस पडून गेला की डांबरी सोडायचं नाही.

ओल्या रस्त्यावर रिमवाले ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारे, उशिरा धरतात, म्हणून पुढच्यापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि ब्रेक आधीपासून हळूहळू दाबा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात, त्यावर वळू नका. मडगार्ड आणि मागचा लाल लाईट आम्ही देतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा ढगळा रेनकोट, आणू नका, तो चाकात जातो, अंगाबरोबर बसणारं जर्किन बरं. मोबाईलला दुधाची पिशवी धुऊन आणली तरी चालेल. कोरडे मोजे मात्र आणाच, विसरणारे दर वेळी चार जण असतात आणि टेम्पोत तो वास आम्ही सोसतो.

आदल्या रात्री आठला आणि पहाटे साडेचारला मेसेज येईल. आम्ही कॅन्सल केली तर ॲडव्हान्स पुढच्या राईडला धरू, नाहीतर परत घ्या. तुम्ही झोपून राहिलात तर नाही. नळदुर्ग जमण्यासारखं नसेल पण वीज नसेल तर हिप्परग्याच्या तलावापर्यंत छोटी राईड करून नाष्ट्याला परत येतो.

सायकल तुमची स्वतःची असेल तर घरी गेल्या गेल्या चेन पुसून तेल सोडा, एका रात्रीत गंज चढतो. आमची असेल तर तशीच चिखलासकट आणून लावा, धुवायला पोरं आहेत.