ग्रँट संपली, जनुक उरलं

२००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं, जीएफपी नावाच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी. त्या वेळी डग्लस प्रॅशर अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये टोयोटाच्या एका डीलरकडे नोकरीला होते. गाडी दुरुस्तीला टाकलेल्या गिऱ्हाइकांची ते व्हॅनमधून ने-आण करायचे. या प्रथिनाचं जनुक सर्वांत आधी वेगळं काढलं ते याच प्रॅशरनी.

शिमोमुरांना हे प्रथिन १९६०च्या दशकातच जेलीफिशमध्ये सापडलं होतं. पण ते दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत तयार व्हायला हवं असेल तर जनुक हाती लागणं भाग होतं. वूड्स होल इथल्या समुद्रविज्ञान संस्थेत प्रॅशरनी ते काम अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ग्रँटवर केलं आणि १९९२मध्ये पेपर छापला. पुढच्या कामासाठी एनआयएच या सरकारी संस्थेकडे केलेला अर्ज नामंजूर झाला. जेलीफिशमधल्या इतर विकरांच्या मदतीशिवाय हे प्रथिन चमकेल का, याची तेव्हा कुणालाच खात्री नव्हती.

अमेरिकेत कितीतरी संशोधकांचा पगारही बराचसा ग्रँटमधूनच निघतो. त्यामुळे अर्ज फेटाळला गेला की नुसतं उपकरण अडत नाही, घरखर्चाचाही प्रश्न येतो. प्रॅशरनी कायम नोकरीचा नाद सोडला आणि संस्थेतून बाहेर पडले. जाताना जनुक मात्र मागणाऱ्यांना देऊन टाकलं, चाल्फींना आणि त्सिएनना.

चाल्फींच्या विद्यार्थिनीने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, वापरून जनुकाचा नेमका प्रथिन घडवणारा भाग तेवढा उचलला आणि जिवाणूत घातला. जिवाणू हिरवे चमकले! प्रथिनातली तीन अमिनो आम्लं आपापसांत जुळून प्रकाश देणारा गाभा बनतो, त्याला बाहेरून लागतो फक्त ऑक्सिजन. मग पाळी आली मिलिमीटरभर लांबीच्या, ३०२ चेतापेशींच्या कृमीची. त्याच्या स्पर्श ओळखणाऱ्या मोजक्या चेतापेशी, त्यांच्या लांब तंतूंसकट, जिवंतपणी उजळून निघाल्या. पूर्वी त्या पाहायच्या तर बहुतेक वेळा प्राणी मारून रंगवावा लागे. फेब्रुवारी १९९४मध्ये ‘सायन्स’मध्ये हा पेपर आला. जीवशास्त्रातल्या पेपरात शेवटचं नाव सहसा लॅबच्या प्रमुखाचं असतं. इथे ते प्रॅशरचं होतं. चेतापेशींमधली कॅल्शियमची ये-जा टिपणारी आजची कितीतरी साधनं याच प्रथिनात फेरफार करून बनली आहेत.

नोबेल एका वेळी तिघांनाच मिळतं, म्हणून प्रॅशरवर अन्याय झाला, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. खरा फटका १९९२च्या सुमारासच बसला होता. दोन-तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये जनुक सापडतं. त्याचं मोल कळायला मात्र आणखी काही वर्षं जातात, आणि तेवढा वेळ द्यायला ग्रँटचं कोणतंही वेळापत्रक तयार नसतं.

चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने प्रॅशर पती-पत्नींना नोबेल सोहळ्यासाठी स्टॉकहोमला नेलं. २०१२मध्ये प्रॅशर सॅन डिएगोला त्सिएन यांच्याच लॅबमध्ये रुजू झाले.