लाटेवरचा पेशा

नोव्हेंबरातली सकाळ. गोव्यात हरमलच्या वाळूत एक पोरगा सर्फबोर्डाला मेण घासतोय. घर रापणकाराचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्याचं; हा मात्र पर्यटकाच्या घोट्याला दोरी बांधतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि फेसाळ लाट आली की बोर्ड पुढे ढकलून ‘उठा!’ म्हणून ओरडतो. गावात त्याला सगळे सर्फर म्हणतात. पण शिकवून पोट भरणं वेगळं आणि स्पर्धेवर पोट भरणं वेगळं.

हा दुसरा पेशा तसा अलीकडचा. हवाई बेटांवर लोक शतकानुशतकं लाटांवर स्वार होत आले. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलेल्या ड्यूक कहानामोकूनं ही कला जगाला दाखवली. धंदा मात्र १९७६ चा. फ्रेड हेमिंग्ज आणि रँडी रॅरिक या हवाईच्या सर्फरांनी त्या वर्षी ठिकठिकाणच्या स्पर्धांचे गुण एकत्र मांडले आणि ऑस्ट्रेलियाचा पीटर टाउनएंड जगज्जेता निघाला. गंमत म्हणजे त्यानं वर्षभरात एकही स्पर्धा जिंकली नव्हती. सातत्यानं वरचे नंबर मिळवले, एवढंच.

तेव्हापासून सर्फरचं आयुष्य म्हणजे देशोदेशी फिरून गुण जमवणं. फेरीत कितीही लाटा घ्या, धरतात त्या सर्वोत्तम दोनच, प्रत्येकी दहांपैकी. अमेरिकेच्या केली स्लेटरनं १९९२ ते २०११ या काळात अकरा जगज्जेतेपदं याच हिशेबावर मिळवली. बायकांना पुरुषांइतकं बक्षीस मिळायला मात्र २०१९ उजाडलं. टोकियोत सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते त्यानंतर.

भारतात ही वाट कर्नाटकातल्या मुल्कीच्या आश्रमातून निघाली. तिथे एक अमेरिकन संन्यासी पोरांना लाटांवर उभं राहायला शिकवायचा! पुढे तामिळनाडूच्या कोळीवाड्यांतून स्पर्धक आले आणि २०२५ मध्ये महाबलीपुरमला भारताच्या रमेश बुदिहालनं आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवलं.

गोव्यात शिकवणारे भरपूर, स्पर्धक विरळा. माझ्या मते दोष पोरांचा नाही, हंगामाचा आहे. पर्यटक येतात तेव्हा दर्या शांत; लाटा गुडघ्याला, फार तर कमरेला. नवशिक्याला त्या छान, पण स्पर्धकाचा हात त्यावर बसत नाही. आणि पावसाळ्यात दर्या खवळतो तेव्हा वारा लाटांची घडीच मोडतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. त्या चार महिन्यांत हरमलचे बोर्ड शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतात.