गल्ला कुणाचा? छोट्या फुटबॉल क्लबांच्या तिकिटामागचा इतिहास

दिवाळी सरली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, गावोगावी मंडई भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक. गावचं मंडळ वडसा-देसाईगंजच्या एखाद्या नाटक कंपनीला इसार देऊन तारीख पक्की करतं. मोकळ्या बांधीत कनात उभी राहते. पुढे खुर्ची, मागे जमीन, असे दोन दर ठरतात आणि तिकिटं फाडली जातात. पहाटे नाटक संपलं की मंडळाचे पोट्टे ओट्यावर बसून गल्ला मोजतात. कंपनीचे पैसे, मंडप, लाईट, जेवण वजा जाता उरेल ते गावाच्या कामाला लागतं, आणि नुकसान झालं तर तेही मंडळानंच सोसायचं.

त्याच बांधीत महिन्याभरानं कबड्डीचे, कुठे कुठे फुटबॉलचे सामने होतात. गर्दी नाटकाइतकीच असते, पण तिकीट नसतं. पहिलं बक्षीस कुणा नेत्याकडून, दुसरं ठेकेदाराकडून, टी-शर्ट दुकानदाराकडून, बाकीची वर्गणी. निवडणुकीच्या वर्षी बक्षिसाची रक्कम फुगते, नंतरच्या वर्षी स्पर्धाच होत नाही. मी स्वतः अशा एका मंडळात सात वर्षं हिशेबाची वही सांभाळली. बक्षीस कबूल केलेला माणूस अंतिम सामन्याच्या रात्री फोन उचलत नाही, आणि जिंकून आलेला पाहुणा संघ आपल्यासमोर उभा असतो, हे मी दोनदा अनुभवलंय. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांचा इतिहास वाचताना मला तो परका वाटला नाही. खेळाचा खर्च कुणी उचलायचा, बघणाऱ्यानं की देणाऱ्यानं, हा तिथलाही जुना प्रश्न आहे.

सुरुवात शनिवारच्या अर्ध्या सुटीपासून करावी लागते. 1850 च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांमधल्या स्त्रियांचं आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवायला लावलं. हळूहळू ही अर्धी सुटी इतर कामगारांनाही मिळत गेली. शनिवारी दुपारी तीनचा सामना हा रिवाज त्यातूनच रुजला. गिरणी-खाणींच्या गावांत हजारो लोक मैदानाभोवती उभे राहू लागले, तेव्हा क्लबांनी कुंपण घालून दारात पैसे घ्यायला सुरुवात केली. त्या पैशावर चांगले खेळाडू ठेवता येत होते. आधी हे चोरून चालायचं. 1885 मध्ये फुटबॉल असोसिएशननं खेळाडूला पगार देणं अधिकृत केलं आणि क्लबाला दर आठवड्याला ठरलेला खर्च आला. दर आठवड्याचा खर्च भागवायचा तर दर आठवड्याला गर्दी हवी. या गरजेतून ॲस्टन व्हिला क्लबाच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी पुढाकार घेतला आणि 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला, पण तो लष्करी पलटणींचा. तिथे खेळाडूचा पगार सरकारी होता, गल्ल्यावर कुणाचं पोट नव्हतं. दोन देशांच्या फुटबॉलच्या पैशाच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या, असं मला वाटतं.

1890 मध्ये लीगनं नियम केला की प्रौढ पुरुषाचं तिकीट किमान सहा पेन्स असलंच पाहिजे. सहा पेन्स म्हणजे अर्धा शिलिंग, पौंडाचा चाळिसावा भाग. या नियमाकडे नीट पाहायला हवं, कारण ही कमाल मर्यादा नाही, किमान मर्यादा आहे. शेजारच्या क्लबानं तिकीट पाडून आपला प्रेक्षक ओढू नये, ही भीती त्यामागे होती. दोन मंडळांनी एकाच रात्री शेजारच्या गावांत नाटक लावलं आणि एकानं जमिनीचा दर निम्मा केला, तर दोघांचंही भांडवल बुडतं; आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सहा पेन्स कुशल कामगाराला परवडायचे, पण हातावर पोट असलेल्या मजुराला दर शनिवारी ते जड जायचे. म्हणजे स्वस्त म्हणून मिरवलेला हा खेळ अगदी तळातल्या माणसाला सुरुवातीपासून थोडा महागच होता. पहिल्या महायुद्धानंतर किमान दर एक शिलिंग झाला.

गल्ल्याच्या वाटणीचा प्रश्नही तितकाच जुना. यजमान क्लबानं गल्ला ठेवायचा आणि पाहुण्याला ठरावीक रक्कम द्यायची, अशी लीगची सुरुवातीची पद्धत होती. महायुद्धानंतर गल्ल्याचा साधारण पाचवा हिस्सा पाहुण्याला मिळू लागला. दोन संघ उतरल्याशिवाय सामनाच होत नाही, तर पैसा एकट्याचा कसा, असा त्यामागचा साधा विचार होता. खेळाडूंच्या पगारावरही 1901 पासून कमाल मर्यादा होती, आठवड्याला चार पौंड. खेळाडूंवर हा उघड अन्याय होता, पण त्यामुळे छोट्या गावाचा क्लब मोठ्या शहराच्या क्लबासमोर उभा तरी राहू शकत होता. 1920 आणि 1921 मध्ये तिसरी श्रेणी वाढवली गेली, 1958 मध्ये चौथी श्रेणी आली. 1948-49 च्या हंगामात चार कोटींहून जास्त तिकिटं फाटली. युद्धानं थकलेल्या लोकांना शनिवारची तेवढीच करमणूक होती.

त्यानंतर मोटार आली, टीव्ही आला आणि गर्दी ओसरू लागली. 1961 मध्ये वीस पौंडांची पगारमर्यादा उठली. पुढच्याच वर्षी, मार्च 1962 मध्ये, ॲक्रिंग्टन स्टॅनली या कापडगिरण्यांच्या गावातल्या क्लबानं कर्जामुळे लीगचा राजीनामा दिला. त्यांची एक गोष्ट मला फार लागते. 1958 मध्ये या क्लबानं आल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्यात वापरलेला प्रेक्षागाराचा सांगाडा 1,450 पौंडांना विकत घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, पण तो गावात आणून उभा करायला दहा हजारांहून जास्त पौंड लागले. एवढी खुर्ची भरायला माणसं कुठून आणायची? पन्नास हजारांची वर्गणी जमली की आधी लोखंडी स्टेज घेऊ म्हणणारी मंडळं मी पाहिली आहेत. त्या क्लबाची पुनर्बांधणी 1968 मध्ये झाली आणि लीगमध्ये परतायला 2006 उजाडलं.

1974 च्या जानेवारीतला एक प्रसंग आपल्या लोकांना लगेच कळेल. कोळसा खाणकामगारांच्या आंदोलनामुळे ब्रिटनमध्ये विजेची टंचाई होती, कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालत होते आणि फ्लडलाइट लावायला बंदी होती. चंद्रपूरच्या विजेवर महाराष्ट्र उजळतो आणि भारनियमनात सामने मात्र आमचेच दिवसा उजेडी उरकावे लागले आहेत, म्हणून ती अडचण मला पुस्तकी वाटत नाही. तिथे क्लबांनी रविवारी खेळायचं ठरवलं. पण 1780 च्या जुन्या कायद्यानुसार रविवारी करमणुकीसाठी प्रवेशशुल्क घेता येत नव्हतं. मग क्लबांनी प्रवेश मोफत जाहीर केला आणि आत जायचं तर सामन्याची माहितीपत्रिका विकत घ्यायची अट घातली. पत्रिकेची किंमत तिकिटाएवढीच. आपल्याकडची ‘देणगी प्रवेशिका’ याच जातीची. 1923 च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याच्या काळात तिकिटावर कर लागायचा, म्हणून प्रवेशिकेवर ‘देणगी’ छापायची पद्धत रूढ झाली. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तो जुना कर गेला, देणगी शब्द मात्र टिकून आहे.

1983 हे वर्ष मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी लीगमधली गल्ल्याची वाटणी बंद झाली आणि ज्याचं मैदान त्याचा सगळा गल्ला असं ठरलं. टीव्हीचे पैसे तोवर चारही श्रेणींतल्या 92 क्लबांत समान वाटले जात. दोन-तीन वर्षांत तेही बदललं आणि पहिल्या श्रेणीनं निम्मा हिस्सा आपल्याकडे घेतला. 1992 मध्ये पहिल्या श्रेणीचे क्लब बाहेर पडून प्रीमियर लीग वेगळी झाली तेव्हा तिचा टीव्ही करार पाच वर्षांसाठी 304 दशलक्ष पौंडांचा होता, आणि तो वरच्या क्लबांचा होता. ही वाट 1992 मध्ये अचानक फुटली असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. पाहुण्याचा पाचवा हिस्सा बंद झाला तेव्हाच ती फुटली होती.

मधल्या काळात 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेत 97 माणसं गेली. न्यायमूर्ती टेलर यांच्या 1990 च्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांत सगळ्यांना खुर्ची देणं सक्तीचं झालं. खुर्चीचं निमित्त करून दर वाढवू नयेत, हेही त्यांनी लिहिलं होतं. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता, खुर्ची सहा पौंड आणि उभ्याचं तिकीट चार. खुर्च्या आल्या, पण सल्ला कुणी मानला नाही. खालच्या दोन श्रेणींत उभं राहून पाहायच्या पायऱ्या टिकल्या, तरी तिथलेही दर चढत गेले, कारण त्यांना खेळाडू त्याच महाग झालेल्या बाजारातून घ्यावे लागत होते. आज चौथ्या श्रेणीतल्या सामन्यालाही प्रौढाला वीस पौंडांच्या पुढेमागे मोजावे लागतात. प्रीमियर लीगमध्ये मात्र प्रेक्षकांच्या चळवळीमुळे 2016-17 पासून पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. टीव्हीचा पैसा भरपूर असल्यानं वरच्यांना ती परवडते. खालच्यांचा गल्लाच जेवण असल्यानं त्यांना सूट देणं जड जातं.

बाहेरचा पैसा कसा जातो, ते 2002 मध्ये दिसलं. आयटीव्ही डिजिटल या वाहिनीनं प्रीमियर लीगखालच्या क्लबांशी तीन वर्षांचा 315 दशलक्ष पौंडांचा करार केला होता. क्लबांनी त्या भरवशावर खेळाडूंना लांबचे करार दिले. वाहिनी बुडाली तेव्हा 178.5 दशलक्ष पौंड यायचे बाकी होते. एकामागून एक क्लब दिवाळखोरीच्या दारात गेले. मालकाच्या पैशाचंही तसंच. 2019 मध्ये बरी हा 1885 चा क्लब मालकाला पैसा उभा करता न आल्यानं लीगमधून काढला गेला आणि गावाचा शनिवार रिकामा झाला.

उलट उदाहरण एक्झेटर सिटीचं. हा क्लब 2003 मध्ये लीगमधून खाली घसरला, कर्जात बुडाला आणि त्याच वर्षी प्रेक्षकांच्या ट्रस्टनं तो हाती घेतला. जानेवारी 2005 मध्ये एफए चषकात, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या बाद स्पर्धेत, त्यांचा सामना मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर लागला. 67,551 प्रेक्षकांसमोर सामना 0-0 सुटला, म्हणून घरच्या मैदानावर फेरसामना मिळाला. चषकाच्या सामन्यांत गल्ला अजूनही वाटला जात होता, त्यामुळे दोन सामन्यांच्या हिश्श्यातून क्लबाचं मोठं कर्ज फिटलं. आता ती वाटही अरुंद झाली आहे: 2024-25 पासून पहिल्या फेरीपासून पुढचे फेरसामने बंद केले गेले.

आपल्याकडे क्लब चालले ते पलटण, रेल्वे, गिरणी आणि कंपन्यांच्या जिवावर. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी 1821 ची. तिथल्या मोहल्ल्यांत फुटबॉल मुरला तो या परंपरेतून. पण कंपनीचं धोरण बदललं की संघ संपतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये, पंजाबचा जेसीटी 2011 मध्ये बंद झाला. दोघेही देशात विजेते ठरलेले संघ होते. त्यांना हरवलं कुणी नाही, फक्त वरून पैसा थांबला. 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आपले व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी 700 कोटींना दिले, तेव्हाही खालच्या लीगमधल्या तिकीटबारीचा विचार त्यात कुठे मध्यभागी नव्हता.

गेल्या मंडईनंतर आमच्या मंडळाची बैठक झाली, तेव्हा मी वही पुढे ठेवली आणि फक्त उपांत्य व अंतिम सामन्याला वीस रुपये तिकीट लावू म्हणालो. पाहुण्या संघाला गल्ल्याचा पाचवा हिस्सा, जिंको की हरो. नाटकाला शंभर देणारा माणूस आपल्या पोरांच्या खेळाला वीस देईल, असा माझा विश्वास आहे. विरोध झाला तो बायांच्या तिकिटावरून. त्या मोफत असाव्यात, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. मी त्यांना प्रेस्टनची हकिकत सांगितली: 1885 मध्ये तिथल्या क्लबानं स्त्रियांना मोफत सोडलं तर दोन हजार जणी आल्या, आणि पुढे क्लबांनी ती सवलत काढून टाकली. कोपऱ्यात बसलेल्या बचत गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, ‘‘आम्ही वीस रुपये देतो, पण मग हिशेबाच्या वहीवर आमचीही सही पाहिजे.’’ पाच हजारांच्या वर्गणीचा भरवसा सोडून गल्ल्यावर जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. वहीवर मात्र त्या रात्रीपासून दोन सह्या आहेत.