ट्रेनरवर घाम जास्त, म्हणजे चरबी जास्त?

‘इनडोअर ट्रेनरवर पंखा लावू नका, जितका घाम गळेल तितकी चरबी जळेल,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. (ट्रेनर म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड.) पटण्यासारखा वाटतो खरा, कारण तासाभरात सायकलखाली थारोळं साचतं आणि वजनही उतरलेलं दिसतं.

पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. पेडल मारताना खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण 20 ते 25 टक्केच चाकापर्यंत पोचते, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. रस्त्यावर समोरचा वारा घाम वाळवतो, तेव्हा ती बाहेर पडते. खोलीत हवा हलत नाही, घाम न वाळताच टपकतो. टपकलेला घाम अंग गार करत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. मेहनत मात्र तेवढीच!

ऊर्जेचा खर्च ठरतो वॅटवर, म्हणजे पेडलवर किती शक्ती लावता त्यावर. तासभर सरासरी 200 वॅट म्हणजे 720 किलोज्यूल काम, त्यासाठी अंदाजे 700 ते 800 कॅलरी लागतात. पंखा असो वा नसो.

पडताळा घरीच घ्या. चार मिनिटांचे चार जोरदार इंटरव्हल (जोर लावून पेडल मारायचे टप्पे), मध्ये तीन मिनिटं हलकं पेडलिंग. एकदा पंख्याशिवाय, दोन दिवसांनी पंखा समोर ठेवून, त्याच वॅटवर. शेवटच्या इंटरव्हलमधले हृदयाचे ठोके ताडून बघा: पंख्याशिवाय ते बहुधा जास्त दिसतील, नाहीतर वॅटच टिकणार नाहीत. फिटनेस वाढतो तो टिकवलेल्या वॅटनी. उतरलेलं वजन? पाणी प्यायलात की बहुतेक परत येतं.